हिरवळीने घर पाहिले

खडकाळ्यात कुणाला अंगणात हिरवळ हवी असेल, तर आधी हिरवळ घर बघायला येते. घर पसंत पडलं तर राहते, नाही पडलं तर तसं तोंडावर सांगून निघून जाते. गावाला पाऊस कमी, जमीन मुरमाड, नळाला पाणी चार दिवसांतून एकदा, त्यामुळे नकाराचं कुणी फारसं मनाला लावून घेत नाही. मात्र तीन नकार झाले की गवत त्या घराची वाट कायमची सोडतं. मग तिथं फरशी घालतात.

मंदाकिनी खरमाटे यांच्या घराला दोन नकार येऊन गेले होते.

मंदाताई एसटीत कंडक्टर होत्या. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी चालत्या गाडीत उभ्यानं काढली. निवृत्त झाल्यावर घरी खुर्चीत बसल्या तरी त्यांचे तळवे हादरणाऱ्या पत्र्यावर असल्यासारखे ताणलेले राहायचे. डॉक्टरांनी मऊ चप्पल सांगितली. त्यांचे यजमान दिनकरराव रोज तेल चोळून द्यायचे. मंदाताईंच्या मनात मात्र वेगळंच होतं. आपल्या दारात आपलं गवत असावं आणि सकाळी त्यावर अनवाणी उभं राहावं. उभं राहण्याचा त्यांना कंटाळा नव्हता. कशावर उभं राहायचं, एवढाच प्रश्न होता.

पहिल्या हिरवळीनं आल्या आल्या पाण्याच्या पिंपाचं झाकण उघडायला लावलं, आत डोकावून पाहिलं आणि बसलीसुद्धा नाही. दुसरीनं सावलीची चौकशी केली. दिनकरराव म्हणाले, सावली संध्याकाळी येते. ती म्हणाली, आम्हाला दुपारी लागते.

होळी झाली, थंडी गेली, आणि नर्सरीवाले अल्ताफ मुलाणी तिसऱ्यांदा मंदाताईंकडे आले. तालुक्याच्या रस्त्याला त्यांची रोपवाटिका होती आणि गवताची स्थळं तेच आणायचे. या वेळी टेम्पोत दोन स्थळं होती.

"ताई, एकाच दिवशी दोन्ही बघून घ्या," ते म्हणाले. "हे तयार लॉन. पुण्याकडचं आहे, वाढलेलं, मातीसकट गुंडाळून आणलंय. आणि हे हरळीचं बी."

दिनकररावांनी ओसरीवर दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर लॉनचा गुंडाळलेला रोल उभा केला, दुसरीवर बियांची पिशवी ठेवली. रिवाजाप्रमाणे दोघांवर थोडं थोडं पाणी शिंपडलं.

लॉननं आपली कड सैल करून अंगणावर नजर फिरवली. "ऊन बरं आहे तुमच्याकडे," ते म्हणालं. "आम्हाला ऊन चालतं. जागा सपाट आहे. माणसं शांत दिसतात. आमची पसंती आहे."

दिनकररावांचा चेहरा उजळला. ते पेशानं शिंपी, आयुष्यभर गिऱ्हाईकाच्या पसंतीची वाट बघत आलेले. इतक्या लवकर ती त्यांना कधी मिळाली नव्हती.

"आमच्या अपेक्षा साध्या आहेत," लॉन पुढे म्हणालं. "सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ पोटभर पाणी. फार तापलं तर दुपारी एक शिडकावा. मुळं धरेपर्यंत अंगावर कुणी चालायचं नाही. आणि निर्णय आज दिवस मावळायच्या आत हवा. गुंडाळलेल्या अवस्थेत आम्ही आतून तापतो."

"म्हणजे आज संध्याकाळी अंगण हिरवं?" दिनकररावांनी विचारलं.

"चहाच्या आधी."

मंदाताई बियांच्या पिशवीकडे वळल्या. "आणि तुमचं काय म्हणणं?"

पिशवी गप्प होती.

"बी लगेच बोलत नाही, ताई," अल्ताफभाई म्हणाले. "त्याला मातीत घालून विचारायचं असतं. मग आठ-पंधरा दिवसांनी उत्तर येतं. कधी जास्तही लागतात."

"आणि उत्तर नाही असं आलं तर?"

"तर तो तिसरा नकार."

दिनकररावांनी बायकोकडे पाहिलं. "हे हो म्हणतंय," ते हळू आवाजात म्हणाले. "हो म्हणणाऱ्याला बसवून ठेवून मुक्याची वाट कशाला बघायची?"

मंदाताईंनी रस्त्यापलीकडे पाहिलं. त्यांना समोरच्या शेंडगे गुरुजींचं अंगण दिसत होतं. गुरुजींनी दोन वर्षांपूर्वी तयार लॉनच आणलं होतं. आठवडाभर सगळी आळी बघायला जात होती. मग चैत्रात एक दिवस ते लॉन आपणहून गुंडाळलं गेलं, फाट्यावर जाऊन उभं राहिलं आणि पुण्याच्या गाडीला त्यानं हात केला. त्या गाडीवर मंदाताईच होत्या. त्यांनी त्याला लगेजचं तिकीट दिलं आणि मागच्या सीटखाली जागा करून दिली होती. वाटेत एका थांब्यावर त्यांनी त्याला विचारलं होतं, का निघालात म्हणून. ते म्हणालं होतं, "आम्ही त्या जमिनीत उतरलोच नाही. आमच्याच मातीवर बसून होतो."

त्यांनी आज आलेल्या लॉनला सरळ विचारलं, "आमच्या नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं. मधले दिवस काय कराल?"

लॉननं प्रामाणिकपणे विचार केला. "पहिल्या दिवशी सांभाळून घेऊ. दुसऱ्या दिवशी पिवळे पडू."

"तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी गाडीची वेळ विचारू."

मंदाताईंनी उठून त्याच्यावर आणखी एक तांब्या पाणी घातलं. "तुमचं काही चुकत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही भरल्या घरातले आहात. पण मला राहणारं माणूस हवंय."

लॉनला राग आला नाही. तालुक्यातल्या मंगल कार्यालयाला विहीर होती आणि तिथून विचारणा आलेलीच होती. अल्ताफभाई त्याला टेम्पोत चढवायला गेले. दिनकरराव बराच वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिले.

मग अंगण तयार करायचं काम सुरू झालं. नवरा-बायकोनं मिळून मुरूम उकरला, खडे वेचले, जुनं शेणखत मिसळलं आणि दाताळ्यानं जमीन सारखी केली. मंदाताईंनी बी मुठीनं फेकलं, वर मातीचा पातळ थर दिला, त्यावर गव्हाच्या काडाचा विरळ थर अंथरला. मग उकिडवं बसून त्यांनी जमिनीला तोंड लावून विचारलं, "आमच्याकडे पाणी कमी आहे. राहाल का?"

आणि वाट बघणं सुरू झालं.

बियांवरची माती सुकू द्यायची नाही, असं अल्ताफभाईंनी बजावलं होतं, कारण प्रश्न सुकला की उत्तर येत नाही. म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, आंघोळीचं शेवटचं बिनसाबणाचं पाणी, सगळं झारीत जमा व्हायचं आणि दिवसातून तीन-चारदा शिंपडलं जायचं. चिमण्या यायच्या. मंदाताई दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि त्यांना पुढच्या घरी जायला सांगायच्या. मुंग्यांनी थोडं बी नेलं. ते त्यांनी नेऊ दिलं. एवढ्या गर्दीत काही जण मधल्या थांब्यावर उतरणारच, असं त्या म्हणाल्या.

आठवडा गेला. दुसराही सरत आला. आळीतली माणसं जाता-येता फाटकाशी थांबायची आणि काही न विचारता पुढे जायची. तो न विचारण्याचा प्रकार मंदाताईंना जड जात होता. फरशीवाला एकदा येऊन अंगणाचं माप घेऊन गेला, कुणी बोलावलेलं नसताना.

दिनकररावांनी शेवटी अल्ताफभाईंना गाठलं. "हा नकार समजायचा का?"

"नकार असता तर एव्हाना कळला असता," ते म्हणाले. "नाही म्हणायला ओल लागत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाताई झारी घेऊन बाहेर आल्या, तर काडाच्या आडून सुईच्या टोकासारखं हिरवं काहीतरी दिसलं. मग शेजारी आणखी एक. त्या खाली बसल्या. आवाज इतका बारीक होता की त्यांना श्वास रोखून ऐकावं लागलं.

"किती कमी?" हरळीनं विचारलं.

मंदाताईंनी खरं सांगितलं. चौथ्या दिवशी येतं, तेही कधी कधी चुकतं. वैशाखात टँकरची वाट बघावी लागते. सावली संध्याकाळशिवाय नाही.

हरळीनं ते ऐकून घेतलं. दोन दिवसांनी, थोडी वर आल्यावर, तिनं दुसरा प्रश्न विचारला. "हिरवळ कशाला हवी?"

"माझे पाय," मंदाताई म्हणाल्या. "फार वर्षं उभी होते. आता एकदा न हलणाऱ्या, मऊ जागेवर उभं राहायचंय."

हे उत्तर हरळीला विचार करण्यासारखं वाटलं असावं, कारण ती पुन्हा गप्प झाली. अंगण आता विरळ हिरवं दिसत होतं, पण वरची वाढ थांबली. अल्ताफभाई येऊन गुडघे टेकून बसले, त्यांनी विचारपूस केली आणि सांगितलं, "ती खाली बघायला गेलीय. आता रोज शिंपडू नका. चार दिवसांनी एकदाच घाला, पण मुरेल असं घाला. वरच पाणी मिळत राहिलं तर ती वरूनच परत येईल."

दिनकररावांना हे जमेना. डोळ्यांदेखत पाती सुकत असताना झारी भरलेली ठेवायची, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. एका दुपारी ते झारी उचलून निघालेसुद्धा. मंदाताईंनी उंबऱ्यातून नुसता हात आडवा धरला. असा हात त्यांनी भरलेल्या गाडीच्या दारात हजारदा धरला होता. दिनकरराव झारी ठेवून मशीनवर जाऊन बसले.

वैशाख आला. मंगल कार्यालयातलं लॉन विहीर आटल्यावर पुण्याला परतलं, असं कळलं. गावातली कुंडीतली रोपं सुट्टीवर गेली. रस्त्याचं डांबर पायाला चिकटू लागलं.

अशा ऐन उन्हाळ्यात एका सकाळी हरळी परत आली. मंदाताई दार उघडून बघतात, तो अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दाट, गडद हिरवं. पाती एकमेकांत गुंतलेली, वर जराशी वाकलेली. आता तिचा आवाज बारीक नव्हता.

"खाली ओल आहे," हरळी म्हणाली. "मुरमाच्या खाली ठिसूळ, फुटका मांजऱ्या दगड आहे, त्याच्या फटीतून जावं लागतं. जागा सापडली. घर पसंत आहे. थंडीत मी पिवळी पडेन, तेव्हा घाबरायचं नाही. मी असेन."

मंदाताईंनी पदरानं डोळे पुसले आणि आत वळून म्हणाल्या, "अहो, हो म्हणाली."

दिनकरराव कापायची मोठी कात्री घेऊनच बाहेर आले. वरचं एक बोटभर वाढलेलं होतं. त्यांनी गुडघ्यावर बसून, खडूनं आखल्यासारखी सरळ रेघ धरून, सगळ्या अंगणाचं पहिलं जावळ काढलं. हरळीनं मान स्थिर ठेवून सहकार्य केलं. कापलेल्या गवताचा वास फाटकाबाहेर गेला आणि आळीतली दारं एकेक करून उघडली.

मंदाताईंनी चपला पायरीवर काढल्या आणि गवतावर पाऊल ठेवलं. मग दुसरं. गार ओलावा तळव्यातून वर चढला. त्या उभ्या राहिल्या. काहीही हादरत नव्हतं. पोटऱ्यांतला ताण आधी एका पायातून उतरला, मग दुसऱ्या. त्या तशाच ताठ, डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर गाडी शेवटच्या थांब्याला वेळेवर पोचल्याचं समाधान होतं.

डोळे उघडले तेव्हा फाटकाशी निम्मी आळी जमली होती. फरशीवालाही होता. कुणी आत यायला धजत नव्हतं.

"हिला विचारा," मंदाताई म्हणाल्या.

हरळी म्हणाली, चालेल.

"चला, आत चला," मंदाताईंनी त्यांचा जुना आवाज काढला. तो आळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला. "चपला बाहेर. दारात थांबू नका, पुढे सरका, भरपूर जागा आहे."

माणसं सरकली. म्हातारे, लेकुरवाळ्या, दुकानं उघडायला निघालेले, सगळे अनवाणी, वैशाखाच्या उन्हात, गार जमिनीवर दाटीनं उभे राहिले. कुणीतरी घरून सरबताचं पातेलं आणलं. फरशीवाल्यानं खिशातली टेप काढून दिनकररावांना भेट दिली. दुपारपर्यंत कुणी घरी गेलं नाही.

गर्दी ओसरल्यावर शेंडगे गुरुजी जरा बाजूला आले. टोपी सारखी करत म्हणाले, "ताई, आमच्याकडेही एकदा बघायला पाठवता का? पाण्याचं मी काही लपवणार नाही."

"मी कोण पाठवणार," मंदाताई म्हणाल्या. "तिच्याशी बोला."

गुरुजी वाकून बोलले. हरळीनं आठवडाभरानं बघायला येते म्हणून सांगितलं.

ठरल्या दिवशी गुरुजींनी इस्त्रीचा सदरा घातला, अंगण झाडून घेतलं आणि दोन खुर्च्या मांडल्या. तांब्या भरून ठेवला. सकाळच्या वेळी हरळीचा एक लांब धुमारा मंदाताईंच्या फाटकाखालून निघाला, रस्ता ओलांडताना सायकलवाला जाईपर्यंत थांबला आणि गुरुजींच्या भिंतीखालून आत आला. गुरुजी उठून उभे राहिले, नमस्कार केला आणि म्हणाले, "या, बसा. प्रवास कसा झाला?"