दहाव्यातून सुटलेली मिशी

कुपवाडच्या वर्कशॉपवरच्या खोलीत ऋषिराजनं फोन ठेवला आणि म्हणाला, "आप्पासो गेलं."

"वय?" धन्यकुमारनं विचारलं. दोघं मिळून 'दोनगडी पिक्चर्स' चालवत होते; धन्यकुमार त्याशिवाय सांगलीत घरच्या दुकानातही बसायचा. सहा वर्षांत वाईट बातमीला किती वेळ द्यायचा, हे त्यांचं ठरून गेलं होतं.

"ब्याण्णव. भावकीत सगळ्यात थोरलं. दहाव्याला धाकट्यांनी डोस्कं आन् मिशी उतरायची."

"मग उतर की. तू कुटं कॅमेऱ्याफुडं असतोस?"

"जयराजबी त्याच भावकीतला हाय."

जयराज त्यांचा हिरो. चौतीस दिवसांचं शूटिंग त्याच्या मिशीवर झालं होतं. दोन दिवस राहिले होते, आणि सुतकात तोंडाला रंग लावायचा नाही, असं त्याच्या आईनं बजावलं होतं; म्हणजे ते दोन दिवस दहाव्यानंतरच. खोटी मिशी त्यांनी एकदा एका लघुपटात वापरली होती. त्या लघुपटाचं नाव दोघंही काढत नसत.

शेवटी दोघं कडेगावला लालासाहेबांकडं गेले. ते रिटायर सुभेदार, आप्पासोंच्या मागं आता भावकीतले वडीलधारे; सगळे त्यांना तात्या म्हणत.

"तात्या, तेवढी जयराजची मिशी ठिवायची."

"आन् डोस्कं?"

"ते उतरू दे. त्येला फेटा हाय."

"मंजी आप्पासो निम्मंच गेलं म्हन." लालासाहेबांनी स्वतःची मिशी कुरवाळली. मग म्हणाले, "पिक्चरात सरपंच कोन हाय?"

"सरपंच न्हाई, तात्या."

"गाव हाय न्हवं? मग सरपंच कसा न्हाई?"

ओसरीवर सरपंचाला तीन संवाद मिळाले. पायरी उतरेपर्यंत त्यांचे पाच झाले. "आवं, पण तुमचीबी मिशी जानार," धन्यकुमार म्हणाला.

"सरपंच बिनमिशीचा चालतो," लालासाहेबांनी निकाल दिला.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सेटवर जमले. जयराज आला तो खाली मान घालून. ओठावर काही नव्हतं.

"तात्यांनी सूट दिलीती न्हवं?" ऋषिराजनं विचारलं.

"दिलीती. नदीवर सत्तर गडी गुळगुळीत, आन् मी एकटा मिशीवाला. साताऱ्याच्या राहीबाई आत्यानं इचारलं, पावनं कुठलं?"

"मग सांगायचं की."

"सांगितलं. म्हनली, आमच्यातला आसतास तर मिशी ऱ्हायली नसती. मग बसलो न्हाव्याफुडं."

ऋषिराजला रागवायचं होतं. पण सेटच्या कामासाठी नदीवरून लवकर निघताना क्षणभर त्यालाही जयराज परका वाटला होता. त्यानं स्वतःच्या गार पडलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

पलीकडं लालासाहेब कडक इस्त्रीत उभे होते. "आटपा. माजं पाठ हाय," ते म्हणाले.

आता कंपनीत मिशी एकाच माणसाला उरली होती. ऋषिराज तिच्याकडं बघत राहिला.

"न्हाई," धन्यकुमार म्हणाला.

"उंची सारखीच हाय."

"न्हाई म्हटलं न्हवं."

"लांबनं घेतो रं."

धन्यकुमारनं सांगलीला घरी फोन लावला. "दोन दिवस दुकानात माज्या जागी धाकट्या आर्जवला बसवा," तो म्हणाला, "मी जरा कामात हाय."