मोटारीच्या मानाच्या चाकांची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असोत, आणि ज्या थोरांनी जन्मात ओणवे होऊन चाक पाहिले नाही त्यांसही सुबुद्धी देवोत. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरी, एका राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे. महाराजांचे स्वारीची मोटार होती, आणि गाडीखान्याचे नाईक रायाजी पाचंगे होते, आणि मोटार हाकणार त्यांचाच धाकटा भाऊ सिदोजी. ज्येष्ठमासी नाईकांनी टायर पाहिले तो पुढली जोडी गुळगुळीत होत आलेली आणि मागलीची नक्षी शाबूत, कारण यंत्राचा भार, वळण आणि ब्रेक यांचा जाच पुढल्यांसच फार. मग नाईक दिवाण त्र्यंबकपंतांकडे गेले आणि विनंती केली की, तीन हजार कोसांस एकवार पुढली चाके मागे व मागली पुढे करावी, अर्ध्या दिवसाची मेहनत, चारही सारखी झिजतील, नवी जोडी अकाली घेणे नको, आणि घाटात गाडी हाती राहील. परंतु त्या राज्यी रिवाज ऐसा की, दसऱ्यास पुढल्या दोन चाकांस हळदकुंकू आणि श्रीफळ, उजव्याचा मान राजोपाध्यांचा, डाव्याचा सरलष्करांचा, आणि मागल्यांस नुसते पाणी. दोन्ही घराणी दरबारी येऊन बसली आणि म्हणाली की, आमचे पूजेचे चाक मागे धूळ खात चालावे काय. दीड महिना खल जाहला, आणि मग पंतांनी नाईकांस सांगितले, "नाईक, चाकास पुढलेमागले कळत नाही, माणसांस कळते. आम्हांस माणसे सांभाळायची आहेत."

"गाडीत बसतात तीही माणसेच, सरकार," नाईक बोलले, आणि मुजरा करून निघाले. जॅक हाताशी होता, पाना हाताशी होता, गुपचूप चाके बदलली असती तर कोण पाहता, परंतु नोकरीचे भय वाटले आणि हात उचलला नाही. श्रावणात सिदोजी महाराजांस आणावयास एकटाच घाट उतरत असता ओल्या वळणावर पुढली चाके घसरली आणि मोटार दरीच्या कठड्यावर आदळली, आणि सिदोजी जागीच गेला. दरबाराने चौकशी करून हाकणाराची घाई ठरवली, मोटार दुरुस्त करविली, पुढे नवी जोडी वाजतगाजत चढविली, आणि दयावंत होऊन मयताचे सेवेबद्दल मागल्या उजव्या चाकाचा मान पाचंग्यांस वंशपरंपरा दिला. नाईकांनी तो रडत घेतला. वर्षाने पुढली जोडी पुन्हा झिजली, तेव्हा नवा हाकणार जोत्याजी येऊन म्हणाला, "नाईक, मागली पुढं घेऊ का? घाटात भ्या वाटतं."

नाईकांनी मागल्या उजव्या चाकावरली धूळ पुसली, आणि म्हणाले, "ते चाक सिदूच्या नावचं हाय. ते हलायचं न्हाई."

तात्पर्य, चाके फिरविण्यात पैशाचा लाभ आहे आणि जिवाचाही आहे, हे त्या राज्यी लहानथोर सर्वांस ठाऊक होते. फिरवली कोणी नाहीत.