गेटवरचं शिकलेलं कुत्रं

सन दोन हजार चौदा. फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी स्वेटर आणि दुपारी पंखा, असे दिवस. तेव्हा मी आमच्या कुत्र्याला शाळेत घालायचं ठरवलं. मी स्वतः चौथीत शाळा सोडली. (शाळेने मला सोडलं, असं बायको म्हणते.)

कुत्रं मुलीचं. ती परगावी नोकरीला गेली आणि हे आमच्या गळ्यात बांधून गेली. नाव ढब्बू. अंगाने वासरू, अकलेने त्याहून कमी. शेजारच्या शिंप्याच्या दुकानात शिरून त्याने एका नवऱ्यामुलाच्या कोटाची बाही पळवली. बाही मिळाली, पण घालण्यासारखी राहिली नव्हती.

शिंपी दारात आला.

"मिस्त्री, याला वळण लावा. नाहीतर मी तक्रार करतो. पालिकेची गाडी येऊन घेऊन जाईल."

"लावतो. चांगली शाळा बघतो."

"बघायला वहिनींना बरोबर न्या."

"का? मला डोळे नाहीत?"

मान वळवून शिंप्याने आपल्या दुकानाच्या भिंतीकडे पाहिलं, एवढंच.

ते मला लागलं. त्या भिंतीचा गिलावा आदल्या वर्षी मी केला होता. भिंतीला पोट आलंय, असं शिंप्याचं म्हणणं. मी उभा जन्म गवंडीकामात घालवला. भिंत सरळ आहे की नाही ते ओळंबा न सोडता सांगायचो. "पोट भिंतीला नाही, तुमच्या नजरेला आलंय," असं मी त्याला चारचौघांत सुनावलं होतं. तेव्हापासून बायकोने चष्म्याचं टुमणं लावलं होतं.

मी तिला म्हटलं, "शाळा मी एकटा निवडणार. चुकलो तर दुसऱ्या दिवशी चष्मा."

"शब्द?"

"शब्द."

माझी पद्धत सोपी. गवंडी पारखायचा तर आधी त्याचं घर बघावं. शाळा पारखायची तर शाळेचं कुत्रं बघावं.

पहिल्या शाळेत साहेबांच्या खुर्चीत कुत्रं बसलं होतं आणि साहेब उभे होते. दुसऱ्या शाळेतल्या कुत्र्याने माझी काठी नेली. मास्तर म्हणाला, "आज त्याचा मूड नाही." मी काठी सोडवून घेऊन निघालो.

तिसऱ्या शाळेच्या गेटाच्या आत एक कुत्रं बसलं होतं. काळंतांबूस, कान उभे, पाठ ताठ. मी खाकरलो. हललं नाही. काठी आपटली. हललं नाही. बिस्कीट टाकलं. त्याने खाली बघितलंसुद्धा नाही. एक मांजर आलं, त्याच्या पायांना अंग घासलं आणि बिस्कीट खाऊन गेलं. गडी ढिम्म. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"बघ," मी ढब्बूला म्हटलं, "याला म्हणतात संस्कार."

ढब्बूने बघितलं. मग जवळ जाऊन त्याच्या अंगावर तंगडी वर केली.

मी ढब्बूला ओढलं आणि त्या कुत्र्याला हात जोडून म्हणालो, "माफ कर बाबा. अडाणी आहे." त्याने मनावर घेतलं नाही. मोठ्या मनाचं वाटलं.

आतून शिकवणारा आला. तरुण पोरगा.

"गेटवरचं कुणाच्या हातचं?" मी विचारलं.

"वडिलांच्या."

"हात मोठा होता. पावसातसुद्धा असंच बसतं?"

"बसतं की." तो हसला. "कुठे जाणार?"

(म्हातारा गंमत करतोय, असं त्याला वाटलं. मला वाटलं, पोरगा विनयशील आहे.) मी तिथल्या तिथे ढब्बूचं नाव घातलं.

इथवर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला शिंप्याचं तोंड बंद करायचं होतं. ढब्बूच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मी बायकोला आणि शिंप्याला बरोबर नेलं. शिंपी शिवणावरून तसाच उठून आला होता, सुई टोचू नये म्हणून घालायचा लोखंडी अंगुस्ताना बोटात तसाच होता.

गेटाशी थांबून मी शिंप्याला म्हटलं, "मास्तर, खुशाल जवळ जा. हात लावा. गुरकावलं तर मिशी काढीन."

शिंपी भीत भीत पुढे झाला. वाकला. मग त्याने अंगुस्तान्याच्या बोटाने कुत्र्याच्या डोक्यावर वाजवलं.

टक. टक.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "नाकाचा पोपडा निघालाय."

मी पुढे गेलो आणि पाठीवर हात फिरवला. हाताला लगेच कळलं. सिमेंट. एकास चार, वाळू चाळलेली, घोटाई उत्तम. जन्मभर ज्यात हात घातला, त्याच्यासमोर मी हात जोडून उभा राहिलो होतो. ढब्बूला मात्र पहिल्या भेटीतच कळलं होतं.

शिंपी हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. "शाळा चांगली दिसते, मिस्त्री," एवढंच म्हणाला. घरी येईपर्यंत मी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी चष्मा केला. शब्द म्हणजे शब्द. तो लावून मी गल्लीत वळलो आणि समोर शिंप्याची भिंत दिसली.

पोट आलं होतं. चांगलं जेवलेल्या माणसासारखं.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोने आग्रह केला नाही.

ढब्बूची शाळा पुरी होईतो मी त्या भिंतीकडे न बघता जात राहिलो. शाळा खरोखरच चांगली निघाली. (त्यात माझं काही नाही.) ढब्बू 'बस' म्हटलं की बसायचा आणि 'ऊठ' म्हणेपर्यंत हलायचा नाही. त्याला वळण लागलं, आता राहिलो मी.

एका सकाळी थापी, घमेलं आणि ओळंबा घेऊन मी शिंप्याच्या दारात गेलो. ढब्बूला पायरीशी बसवलं. शिंप्याने मशीन थांबवलं, माझ्या हातातलं सामान पाहिलं, आणि भिंतीलगतचं गिऱ्हाइकांचं बाकडं स्वतः ओढून बाजूला केलं. मी जुना गिलावा पाडला, नवा चढवला. चष्मा एकदाही काढला नाही. संध्याकाळी ओळंबा सोडला. दोरी वरपासून खालपर्यंत सारखी उतरली.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पायरीवर ढब्बूला बघून थबकलं.

"मास्तर, हे कुत्रं खरं आहे, की सिमेंटचं?"

शिंप्याने माझ्याकडे पाहिलं. भिंतीकडे पाहिलं. मग हसू दाबत दोरा दातात धरला आणि मशीन सुरू केलं.