चार पेडल आणि एवढी मोठी फळी

मोरेश्वर पेडलबोर्ड विकत घ्यायला गेला की आधी त्याच्यावर बसून बघतो.

हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बास गिटार, म्हणजे खर्जातली गिटार, वाजवणाऱ्याच्या पायाशी लोखंडी डब्या असतात, साबणाच्या वडीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांना पेडल म्हणतात. एक पायाने दाबलं की आवाज घोगरा होतो, दुसरं दाबलं की घुमायला लागतो. या डब्या स्टेजभर पळू नयेत म्हणून त्या एका फळीवर चिकटवून टाकतात. ती फळी म्हणजे पेडलबोर्ड. पाय ठेवायची वस्तू. बूड टेकायची नव्हे.

अंधेरीच्या एका वाद्यांच्या दुकानात मालकाने मोठ्या कौतुकाने काचेच्या कपाटातला बोर्ड काढून समोर ठेवला. चकचकीत, विलायती. मोरेश्वरने तो चारी बाजूंनी निरखला, पँट गुडघ्यावर जरा ओढली आणि त्याच्यावर चक्क मांडी घालून बसला. बोर्ड करकरला.

"काका, ये बैठने का नहीं है!" मालक ओरडला.

"छोटा पडता है," मोरेश्वर बसल्या बसल्या म्हणाला. "इससे बडा दिखाओ."

"अरे काका, इसमें बारा पेडल आते हैं. आपके पास कितने हैं?"

"चार."

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरची गिटारं बघायला लागलो. दुसरं करणार काय?

आता आमची ओळख. जोगेश्वरीपासून मढपर्यंत कुठेही हळद असली की आमची ऑर्केस्ट्रा पार्टी असते. पार्टी मास्तरांची. ते स्वतः कीबोर्ड वाजवतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला वाजवतात. मी निवेदक. दिवसा बँकेत, संध्याकाळी माईकवर. आणि मोरेश्वर बासवाला. वर्सोव्याचा कोळी, दिवसा बर्फाच्या कारखान्यात. पन्नाशीचा गडी, खांदे दरवाजाएवढे, पण स्टेजवर सगळ्यांच्या मागे, ढोलकीवाल्याच्या आडोशाला उभा. फोटोत तर कधीच येत नाही.

बासवाल्याचं दुःख मोरेश्वरकडून ऐकावं. "अरे, गायक चुकला तर पब्लिक हसते. ढोलकी चुकली तर नाचणारे पाय थांबतात. मी चुकलो तर? कोणाच्या बापाला कळत नाय! इतकी वर्षं वाजवतोय, मला एकदा पण कोणी 'चुकलास' बोललेला नाय यार."

"मग बरंय की रे मेल्या!" मी म्हणायचो.

"बरं काय? चुकलास बोलायला आधी ऐकायला लागतं." आणि मग त्याचं ठरलेलं वाक्य, बोट वर करून: "बास ऐकू येत नाय. पण काढून बघ!"

हे वाक्य तो कशालाही लावतो. मिठाला, बायकोच्या रागाला, बर्फाला. एकदा मास्तरांनी माझं निवेदन लांबलं म्हणून आरडाओरडा केला, तेव्हा माझी बाजू घेत म्हणाला, "मास्तर, निवेदन कोण ऐकत नाय. पण काढून बघा." मी आभार मानावेत की फटका मारावा, अजून ठरलेलं नाही.

तर या माणसाला मोठ्या पेडलबोर्डचं वेड लागलं. साधंसुधं नव्हे. कोणाच्याही घरी गेला की माणसांकडे बघायचं सोडून लाकडाकडे बघायचा. टीपॉय ठोकून बघणार, दिवाणाच्या फळीला कान लावणार. माझ्या मेहुण्याच्या नव्या ब्लॉकच्या पूजेला आला, तर प्रसाद हातात धरून शू-रॅकवर बसला. बायको मला खोलीत नेऊन म्हणाली, "तुमच्या मित्राला मूळव्याध आहे का हो? सारखे जागा बदलून बसतायत."

मी एकदा सरळ विचारलं, "अरे, चार पेडलांना मांडीएवढी जागा पुरे. तुला बोर्ड हवाय की पलंग?"

"जागा लागते," तो म्हणाला.

"कशाला?"

"लागते रे. तू बँकवाला, तुला नाय कळायचं."

शेवटी एका हळदीला तो टेम्पोतून उतरला आणि मागून त्याचा बोर्ड उतरला. दोघांनी धरून. चांगली पुरुषभर लांब, जाड सागवानी फळी, वर्षानुवर्षं पाणी खाऊन काळी पडलेली, मधोमध सुऱ्यांचे चरे. खाली वीतभर उंच प्लायवूडची पेटी ठोकलेली. उजव्या टोकाला चार पेडल ओळीत चिकटवलेली आणि डावी अर्धी फळी रिकामी, एकदम गुळगुळीत.

"ही कुठली?" मी विचारलं.

"आयची. बाजारातली."

त्याची आई, जानकीमावशी, जन्मभर वर्सोव्याच्या बाजारात मासे विकायला बसायची. ती याच फळीवर. अर्ध्या फळीवर पापलेट, अर्ध्या फळीवर मावशी. आता गुडघ्यांपायी बाजार सुटला होता आणि फळी घराच्या मागे पडून होती.

"आणि खाली ती पेटी कशाला?"

"हवा खेळायला," मोरेश्वर म्हणाला.

हवा खेळली, हे खरं. फळी त्याने सोड्याने, लिंबाने, फिनेलने, कशाकशाने धुतली होती, पण लाकडात मुरलेला वास तो! स्टेजवरच्या दिव्यांनी फळी तापली आणि मांडवभर बाजार भरला. आधी एक मांजर आलं, मग दुसरं. मी माईकवरून नवरदेवाच्या आत्याला स्टेजवर बोलावतोय आणि माझ्या मागून आत्याच्या आधी पाच-सहा मांजरं वर चढलेली. पब्लिक खूश! त्यातला एक गलेलठ्ठ बोका स्पीकरवरून उडी मारून नेमका पेडलवर पडला. ते पेडल सूर आणखी एक सप्तक खाली नेणारं. भर गाण्यात असा काही गुरगुराट झाला, की मांडवाचे बांबू थरथरले आणि नवरीचे काका, जे सकाळपासून रुसून बसले होते, उठून नाचायला लागले.

मोरेश्वर मला म्हणाला, "बघितलंस? आज पहिल्यांदा बास ऐकू आला लोकांना."

"बोक्याचा," मी म्हटलं.

मास्तर मात्र पेटले. "टेम्पोत ढोल ठेवू की ही फळी ठेवू? अर्धी तर रिकामीच आहे! पुढच्या हळदीच्या आत कापून आण, नाहीतर मी दुसरा बासवाला बघतो. जोगेश्वरीत पोरं लाईन लावून उभी आहेत."

"नाय कापणार," मोरेश्वर म्हणाला.

"का?"

"नाय कापणार."

बस्स. एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि इथे दोन शब्दांपलीकडे गडी जाईना. मास्तरांचा हा पोकळ दम नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यांनी याआधी सख्ख्या भाच्याला पार्टीतून काढलंय. आणि पार्टी सुटली तर मोरेश्वरकडे काय उरणार होतं? बर्फ.

म्हणून रविवारी दुपारी मी वर्सोव्याला गेलो. मास्तरांनी माझ्या हातात पिशवी दिली होती, पिशवीत करवत. "तुझं ऐकेल तो. गोड बोल आणि कापूनच ये." मी वाटेत भाषणाची तयारी केली. निवेदकच मी, दुसरं येतं काय?

बोंबील वाळत घातलेल्या वलांडीखालून वाकून दारात पोचलो, तर आतून बासचा आवाज. दार उघडंच होतं. मोरेश्वर स्टुलावर बसून वाजवत होता. समोर जमिनीवर ती फळी. उजवीकडे चार पेडल. आणि डावीकडे, त्या रिकाम्या अर्ध्या भागात, जानकीमावशी. काष्टा नेसलेली, आंबोड्यात अबोली, मांडी घालून अशी ऐटीत बसली होती, की आता विचारेल, काय पाहिजे, सुरमई की हलवा?

मला बघून मोरेश्वर थांबला. लाजला चक्क.

"आयला आता काय पण ऐकू येत नाय," तो म्हणाला. "दोन्ही कान गेले. मशीन घेतलं होतं, ते तिने पत्र्याच्या डब्यात ठेवलंय. बोलते, आत मच्छर गुणगुणतात."

मला ठाऊक नव्हतं. मी आपला नेहमी लांबून हात जोडायचो आणि तीही जोडायची.

"कान होते तेव्हा यायची रे हळदीला," तो तारांकडे बघत म्हणाला. "घरी आली की विचारायची, 'पोरा, सगल्यांचा ऐकला. तुजा कनचा?' मी सांगायचो, तो खालचा घुमणारा. ती बोलायची, 'नाय बा, मना नाय कलला.' मी बोललो, सांगेन कधीतरी नीट समजावून. आणि कानच गेले."

त्याने फळीखालच्या पेटीवर टिचकी मारली. "आत स्पीकर आहे. गणपती मंडळाचा जुना, मोठा. फळी हलते. हळदीला आणली की ती इथेच बसेल. बस, बघ."

मी मावशीच्या शेजारी कसाबसा टेकलो. मोरेश्वरने तार छेडली. कानाला जेवढं कळलं त्याच्या दसपट खालून कळलं. मांडीतून, कण्यातून, थेट छातीत. म्हणून हा गाढव आख्ख्या अंधेरीत फळ्यांवर बसत फिरत होता! आईला बसता येईल, एवढा बोर्ड हवा होता त्याला. आणि अखेर तिचीच फळी घरामागे सापडली.

पिशवी मी हळूच पायाने दाराबाहेर सरकवली. करवत खणकन वाजली, पण ती मावशीला ऐकू आली नाही आणि मोरेश्वरचं लक्ष नव्हतं.

त्याने हळदीचं जुनं गाणं धरलं. मावशी तरुणपणी स्वतः म्हणायची, ते. मावशीने दोन्ही तळवे फळीवर टेकले, डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते शब्द. एका हाताने ती फळीवर ठेका धरायला लागली, मासे मांडून झाले की बायका फळी थोपटतात तशी. मोरेश्वर वाजवत होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. तारांकडे कोण बघतंय! बघता बघता एका जागी त्याचं बोट घसरलं.

मावशीचा हात थांबला. डोळे उघडले. भिवया वर.

"चुकलास रं!" ती खणखणीत आवाजात म्हणाली.

मोरेश्वर माझ्याकडे वळला, ते डोळे भरून. "ऐकलंस? ऐकलंस तू? चुकलास बोलली!" मग आईकडे वाकून ओरडला, "आय, परत बोल! परत बोल गो!"

तिला काय ऐकू येणार? ती आपली हाताने खुणावत होती, पुढे वाजव, थांबलास कशाला.

मोरेश्वरने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं, गाणं पहिल्यापासून धरलं आणि बरोबर त्याच जागी पुन्हा चुकला.