चाकांच्या डब्याचा तुलनात्मक अभ्यास

गावातला कचरा कसा उचलावा या प्रश्नाचा निकाल मी आठ दिवसांत लावून देतो, असं मी सरपंच सुवर्णाताईंना चारचौघांत सांगितलं. मी तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. बावीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही प्रश्नाचा निकाल लागलेला मी पाहिलेला नाही, पण हा प्रश्न लहान होता आणि त्याला चाकं होती.

झालं असं, की एका कंपनीने आमच्या ग्रामपंचायतीला चाचणीसाठी वीस हिरवे डबे आणि एक ट्रॅक्टर दिला. डबा कमरेएवढा उंच, पक्क्या झाकणाचा, खाली दोन चाकं. घरच्यांनी त्यात कचरा टाकायचा आणि सकाळी डबा ओढत नेऊन रस्त्याच्या कडेला ठेवायचा. ट्रॉलीला एक लोखंडी हात होता. तो डबा उचलणार, ट्रॉलीत उपडा करणार आणि परत खाली ठेवणार. माणसाचा हात कुठेही लागायचा नाही.

आजवर सगळीकडे माणसाचाच हात लागत होता, आणि तो मंजुळाबाईंचा. बारा वर्षं झाली, त्या टोपलं आणि प्लास्टिकच्या गोण्या घेऊन दारोदार फिरतात, लोकांच्या बादल्या उपड्या करतात आणि भरलेल्या गोण्या एकेक करून गावाबाहेरच्या खड्ड्यापर्यंत नेतात. चाचणी पास झाली तर डबे सगळ्या गावाला मिळणार होते आणि मंजुळाबाईंचं काम बंद होणार होतं. त्यांनी मला पारावर गाठलं.

"सर, हे चाकं पास झाले तं माहं काय?"

"मावशी, हा अभ्यास आहे. तो निष्पक्ष असतो."

"म्हंजे?"

"म्हणजे मी कोणाच्याच बाजूने नाही."

"मंग माह्या बाजूनं कोन हाय?"

या प्रश्नाला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. मी घड्याळ पाहिलं आणि निघालो.

तक्ता मात्र सुरेख होता. गल्ली क्रमांक एक, वीस घरं, मंजुळाबाई. गल्ली क्रमांक दोन, वीस घरं, चाकांचे डबे. लागलेला वेळ, सांडलेला कचरा, वास, तक्रारी. मी स्वतः दुसऱ्या गल्लीत राहतो, त्यामुळे चाकांवर माझी बारीक नजर राहणार होती.

डबे वाटले त्या दिवशी आमच्या गल्लीत वीस घरांत एकदम नवी मोटारसायकल आल्यासारखं वातावरण होतं. माझी बायको अनुपमा हिने डब्याला हळदकुंकू लावलं.

"कचऱ्याचा डबा आहे तो," मी म्हणालो.

"नवी वस्तू हाय. तशीच कशी वापराची?"

मी तिच्या श्रद्धेत पडलो नाही. संशोधकाने पडू नये.

पहिल्या सकाळी ट्रॅक्टर आला. चालवायला हरिओम होता. त्याला गाण्याचा भोंगा मोठ्याने लावायची हौस. वीस घरांपुढून ट्रॅक्टर गेला आणि अकरा मिनिटांत परत वळला. मी वेळ टिपली.

"सर," हरिओम म्हणाला, "डबे दिसून नाई राह्यले."

"भरले नसतील अजून."

"ईसच्या ईस?"

"मोठे आहेत."

दुसऱ्या दिवशीही अकरा मिनिटं. तिसऱ्या दिवशी साडेदहा, कारण हरिओमने आता इकडेतिकडे पाहणंच सोडलं होतं. चांगलं साधन हातात आलं की माणूस जबाबदार होतो आणि मुळात कचराच कमी करतो, असा एक सिद्धान्त मी कुठेतरी वाचला होता. तो माझ्याच गल्लीत खरा ठरताना पाहून मला रात्री चांगली झोप लागली.

पहिल्या गल्लीत मात्र उलटा प्रकार चालला होता. मंजुळाबाईंना पहिल्या दिवशी सव्वा तास लागला, चार गोण्या. दुसऱ्या दिवशी दोन तास, सात गोण्या. चौथ्या दिवशी तीन तास आणि नऊ गोण्या. त्या खड्ड्याकडून परतत होत्या तेव्हा पदराने मान पुसत होत्या. मी सहानुभूतीने म्हणालो, "मावशी, तुमची कार्यक्षमता घसरते आहे."

"कचरा वाढून राह्यला, सर."

"घरं तर तेवढीच आहेत. वीस."

"घरं तेवढेच हायेत."

"मग कचरा वाढला कशाने?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नापास होणाऱ्या पोराकडे मी जसं पाहतो तसं.

"मले काऊन इचारता? घरी इचारा ना."

मी घरी विचारलं नाही. घर हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हता.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी अहवाल पूर्ण केला. चाकांची पद्धत: अकरा मिनिटं, सांडलवंड शून्य, वास शून्य, तक्रारी शून्य. हाताची पद्धत: तीन तास आणि वाढत चाललेली. निष्कर्ष कोणालाही काढता आला असता, पण मी तो तीन परिच्छेदांत काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. सुवर्णाताईंचा लगेच अंगठा आला.

मग मी तो अनुपमाला वाचून दाखवायला मागच्या खोलीत गेलो. तिथे कोपऱ्यात एक उंच वस्तू होती, तिच्यावर विणलेला रुमाल. गेले पाच दिवस मी तिच्यावर चहाचा कप ठेवत होतो. अनुपमाने रुमाल काढला, झाकण उघडलं आणि ताटभर गहू काढून निवडायला बसली.

मी वाचता वाचता थांबलो.

"हा तो डबा आहे?"

"हाव."

"त्यात गहू आहेत."

"मंग काय सोनं राह्यते? पोत्याले उंदरं लागले होते. याचं झाकन पाहा कसं बसते."

"आणि गल्लीतल्या बाकीच्यांनी?"

"हिंमतरावच्या घरी हरभरा भरला. बाकीच्यायनं पान्यासाठी ठेवले. नळ आला का भरतीन."

"अगं, ते कचऱ्यासाठी दिले होते."

"एवढा चांगला डबा, त्यात शिळं टाकाचं? लोकं हासतीन."

"मग आपला कचरा कुठे जातो?"

अनुपमाने एक खडा शोधून बाजूला ठेवला. "मंजुळाबाई पावनेसातले मांगच्या बोळीतून येते. पयल्या दिवशी दोन-चार घरचा नेला, आता अख्ख्या गल्लीचा नेते. तुमी तव्हा अंघोळीले असता."

"त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"आमीच म्हनलं, सांगू नको. कंपनीवाले डबे वापस नेतीन. तिनं सांगतलं नाई, बिचारी. शब्दाची पक्की हाय."

म्हणजे चाळीस घरांचा कचरा मंजुळाबाई एकट्या उचलत होत्या, माझ्या घरचाही, आणि त्याच्याच जोरावर मी त्यांना नापास केलं होतं. खरं तर त्याच वेळी फोन उचलून अहवाल मागे घ्यायला हवा होता. पण ग्रुपवर तोवर सतरा अंगठे आले होते. निष्कर्ष बदलण्यापेक्षा वस्तुस्थिती सुधारावी, असं मला त्या वेळी वाटलं. मी ग्रुपवर संदेश टाकला: उद्या सकाळी सात वाजता सरपंच पाहणीला येणार आहेत. गल्ली क्रमांक दोनमधला प्रत्येक डबा रस्त्याच्या कडेला दिसलाच पाहिजे. सबब चालणार नाही. हरिओमला वेगळा फोन केला. "उद्या कोणीही काहीही म्हणो, मध्ये थांबायचं नाही. वेळ मोजायचा आहे."

अनुपमाला मी गहू काढून ठेवायला सांगितलं. ती म्हणाली, आधी जागा दाखवा. जागा नव्हती. आपला एक डबा नसला तर अभ्यासाला बाधा येत नाही, असं मी ठरवलं.

सकाळी सात वाजता मी सुवर्णाताईंना घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो आणि मला भरून आलं. रस्त्याच्या कडेला एकोणीस हिरवे डबे, एका रांगेत, झाकण लावून. माझ्या एका संदेशावर एवढी शिस्त येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

आमच्याकडे नळाला नवव्या दहाव्या दिवशी पाणी येतं. त्या दिवशी ते साडेसहाला आलं होतं. आमच्या गल्लीत नळ घरात नाहीत, रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यांत आहेत. हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्या सकाळी तेवढं आठवलं नाही.

हरिओम भोंगा लावून गल्लीत शिरला. लोखंडी हाताने पहिला डबा उचलला, उपडा केला. ट्रॉलीत धबधब्यासारखा आवाज झाला.

"हे काय हो सर?" सुवर्णाताईंनी विचारलं.

"ओला कचरा," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं.

दुसरा डबा. पुन्हा तसाच आवाज.

"लई ओला हाय."

"उन्हाळ्यात लोक टरबूज जास्त खातात."

तिसऱ्या, चौथ्या डब्यालाही टरबूज पुरलं. पाचवा डबा हिंमतरावांचा. हिंमतराव शेतात गेले होते. संदेशात सबब चालणार नाही असं लिहिलेलं असल्यामुळे त्यांच्या सुनेने हरभऱ्याचा डबा तसाच ओढत बाहेर आणून ठेवला होता. तो उपडा झाला तेव्हा पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाजलं.

"आणि हा सुका," मी म्हणालो.

तोवर बायका घरांतून धावत सुटल्या. भोंग्यामुळे हरिओमला काही ऐकू येत नव्हतं. हातवारे पाहून त्याला वाटलं लोक खूश आहेत. त्यानेही हात हलवला आणि सहावा डबा उचलला. सातवाही. मग अनुपमा बादली घेऊन ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. थांबायचं नाही असं मी सांगितलेलं होतं, तरी हरिओम थांबला. माणसाला जीव प्यारा असतो.

भोंगा बंद झाला आणि गल्ली सुरू झाली.

"नऊ दिवसाचं पानी होतं बे ते!"

"सरनं सांगतलं थांबू नको," हरिओम म्हणाला. खोटं बोलला असता तर मी त्याला माफ केलं असतं.

"ट्रॉलीतून काढा, काढा, खालून गळून राह्यलं."

"घानीतलं पानी काढतं का?"

"कायची घान? कोरी ट्रॉली हाय. एक दिवस तरी कचरा पडला का तिच्यात?"

"आमी तं नाई टाकला."

"आमी बी नाई."

एका मिनिटात गल्ली क्रमांक दोनने एकमुखाने साक्ष दिली की त्या ट्रॉलीत आजवर कचऱ्याचा कागदसुद्धा पडलेला नाही. दोघीजणी बादल्या घेऊन वर चढल्या. सुवर्णाताई हे सगळं ऐकत होत्या. त्यांच्या हातात फोन होता आणि फोनवर माझा अहवाल होता.

"सर, मंग पाच दिवस कचरा गेला कुठं?"

नेमक्या त्याच वेळी बोळीतून मंजुळाबाई आल्या. पाठीवर गोणी, गोणीतून आमच्या घरच्या भोपळ्याचं साल बाहेर डोकावत होतं. आदल्या रात्री मीच भोपळ्याला नावं ठेवली होती, त्यामुळे ओळखलं.

"मावशी, आल्या का तुमी," सुवर्णाताई म्हणाल्या. "म्या तं राती सरचा रिपोर्ट वाचून फोनवरच कागद तयार केला. एक तारखेपासून तुमचं काम बंद. आता सई कराची बाकी हाय."

वर चढलेल्या बायका बादल्या धरून तशाच राहिल्या. मंजुळाबाईंनी गोणी खाली ठेवली. गल्लीतल्या एकेका बाईकडे पाहिलं, पण बोलल्या काही नाहीत. शब्द दिला होता ना.

आता बोलायला मीच उरलो.

"अहवालात काही त्रुटी राहिल्या आहेत," मी सुरुवात केली. "नमुन्यातल्या दोन्ही गटांची सरमिसळ झाल्यामुळे—"

"सरळ सांगा ना," अनुपमा म्हणाली.

"चाकांनी काहीच उचललं नाही. दोन्ही गल्ल्यांचं मंजुळाबाईंनी उचललं. अकरा मिनिटं लागली, कारण ट्रॅक्टर नुसता फिरून येत होता. मी चुकलो."

एवढ्या थोड्या शब्दांत मी आजवर काहीच सांगितलं नव्हतं.

सुवर्णाताईंनी तिथेच विचारलं. "मंजुळाबाई कोनाले पाहिजे?" सगळे हात वर. "अन् डबे कोनाले ठेवाचे हायेत?" पुन्हा सगळे हात वर, काहींचे दोन्ही. त्यांनी फोनवरचा कागद पुसून टाकला. मंजुळाबाईंचं काम कायम, दोन्ही गल्ल्या मिळून, मदतीला आणखी एक बाई. ट्रॅक्टर मात्र नळ न आल्यास विहिरीवरून पाणी आणील. कंपनीला काय कळवायचं ते त्या पाहून घेणार होत्या. हरभरा पाण्यात पडला होता तो पडलाच. हिंमतराव शेतातून येईपर्यंत चांगला टपोरा झाला. पुढचे दोन दिवस गल्लीत घरोघरी उसळ होती.

"मावशी, तुमाले काई म्हनाचं हाय?" सुवर्णाताईंनी विचारलं.

"म्हनाचं हाय. ईस डबे आले. मले कोनी एक दिला का? पाठीवर गोन्या नेऊन नेऊन कंबर गेली. या गावात त्यात कचरा टाकनारी मी एकलीच हाय."

हे एवढं खरं होतं, की सगळ्यांनी आपापल्या डब्याचा दांडा घट्ट धरला. एकच डबा असा होता ज्याचा दांडा कोणी धरलेला नव्हता. तो आमच्या मागच्या खोलीत होता. गहू आता माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहेत, खालच्या दोन फळ्यांवर.

डब्यामुळे मंजुळाबाईंचं काम खरोखर सोपं झालं, हे मी तक्ता न करता सांगतो. अडचण एकच राहिली. आमच्या गल्ल्यांना तीन ठिकाणी उघडी नाली आडवी जाते आणि चाकांना उडी मारता येत नाही. भरलेला डबा तिथे दोन्हीकडून धरून उचलावा लागतो. उचलायला कोण, असं सुवर्णाताईंनी विचारलं तेव्हा मंजुळाबाई म्हणाल्या, "सर हायेत ना. सरले सवड राह्यते."

आता सकाळी पावणेसातला त्या बोळीतून हाक देतात. "सर, तिकून धरा. वाकू नका, गुडघ्यातून उचला." मी गुडघ्यातून उचलतो. परवा कॉलेजात एका सहकाऱ्याने विचारलं, सध्या संशोधन काय चाललंय? फील्डवर्क सुरू आहे, असं मी सांगितलं आणि घट्टे पडलेले हात खिशात घातले.