हवेतली कात्री

हेडक्लार्क दर महिन्याच्या पहिल्या रविवारी केस कापायला जात आणि त्यांचा एकही केस कधी कापला जात नसे. डोक्यावर केसांचा टोप होता. ही गोष्ट त्यांची बायको आणि कोपऱ्यावरचा सलूनवाला, या दोघांनाच ठाऊक होती. ज्याचे केस वाढतच नाहीत त्याच्यावर ऑफिसात संशय येणारच, म्हणून सलूनवाला त्यांच्या गळ्याभोवती कापड गुंडाळून वीस मिनिटं हवेत कात्री चालवी. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

त्या रविवारी सलूनवाला तापाने फणफणला होता आणि खुर्चीमागे त्याचा मेहुणा उभा होता. हेडक्लार्क सवयीने डोळे मिटून बसले. उघडले तेव्हा डाव्या कानावरचे केस कापले जाऊन टोपाची जाळी दिसत होती.

"काका, हे आतून काय निघालं?" मेहुण्याने कात्री मागे घेत विचारलं.

आठवडाभर कानाला वारा लागतो असं सांगत हेडक्लार्कांनी कानटोपी घातली. मग नवा टोप आणला. दुकानात त्यांच्या मापाचा एकच होता, तोही जुन्यापेक्षा चांगला चार बोटं लांब.

सोमवारी साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. साहेबांना साफ टक्कल होतं.

"आठ दिवसांत एवढे केस? तेल कुठलं हो?"

"बायको घरीच करते," हेडक्लार्क बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

"मग मलाही द्या. पुढच्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. तिच्या मैत्रिणी मला तिचे आजोबा समजतात."

घरी बायको म्हणाली, "तुमच्याच डोक्यावर काही उगवलं नाही, त्यांच्या काय उगवणार?" तरी तिने स्वयंपाकाचं तेल कोमट करून बाटलीत भरून दिलं.

तेव्हापासून रोज सकाळी साहेब दार लावून हेडक्लार्कांपुढे डोकं वाकवू लागले. "बघा, काही हालचाल?"

"आहे. थोडी."

ज्याच्यापुढे सगळं ऑफिस उभं राहायचं, तो माणूस शाळकरी मुलासारखा मान खाली घालून उभा राही. हेडक्लार्कांना स्वतःची लाज वाटू लागली. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी स्वतःच केबिनचं दार लावलं आणि टोप काढून फायलींवर ठेवला.

"माफ करा, साहेब. केस खोटे, तेलही खोटं."

साहेबांनी टोपाकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्याकडे. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ड्रॉवरमधून छोटा आरसा काढला आणि स्वतःची टाळू बराच वेळ निरखली.

"पण कालच आमची ही म्हणाली, कोवळी लव आलीय म्हणून."

हेडक्लार्कांनी वाकून पाहिलं. तिथे फक्त वरचा दिवा चमकत होता. साहेबांच्या बायकोनेही आपल्यासारखंच त्यांचं मन राखलं असणार, हे त्यांना उमगलं आणि ते सरळ उभे राहिले.

"टोप घाला आधी," साहेब आरसा आत ठेवत म्हणाले. "तुमचं तुमच्यापाशी राहू द्या. आणि वहिनींना सांगा, बाटली संपत आलीय."