प्रवेशासाठी एक पिशवी कचरा

गुरुवारी दुपारी बाबा नेहमीप्रमाणे लेकीकडे जेवायला आले, चपला दाराबाहेर दोनदा झटकूनही थोडी वाळू आत घेऊन आले आणि जेवण झाल्यावर त्यांनी गिटार मांडीवर घेतली. लेक टेबलाशी बसून एका जाड पुस्तकाची मुद्रितं तपासत होती. तिचं कामच ते. छापायला जाणाऱ्या पानांवरच्या चुका हुडकायच्या आणि समासात लाल पेनने नोंदवायच्या. ही सवय तिला नोकरी लागायच्या आधीपासून होती, असं बाबांचं मत होतं.

"नवं गाणं आहे. ऐकतेस का, मास्तरीणबाई?"

"म्हणा ना. माझं काम ऐकता ऐकता होतं."

"तीच तर पंचाईत आहे."

बाबांनी खिशातून तारा छेडायचा त्रिकोणी तुकडा काढला. तो त्यांनी किनाऱ्यावर सापडलेल्या शांपूच्या बाटलीतून कापला होता. दुकानातलं नवं प्लास्टिक ते घेत नसत. त्यामुळे त्यांच्या गिटारला एक खरखर होती. एका समीक्षकाने तिला 'समुद्राचा खर्ज' म्हटलं होतं. तो खर्ज शांपूचा आहे हे फक्त घरच्यांना माहीत होतं.

गाणं एका लाटेवर होतं. ते संपलं, तरी बाबांची बोटं तारांवरच राहिली आणि ते लेकीकडे बघत बसले. ते कशाची वाट बघतायत हे तिला माहीत होतं. किनाऱ्यावर गायले की वाळूतून माणसं 'वन्स मोअर' ओरडत आणि बाबा नको नको म्हणत लगेच सुरू करत. घरात ते शब्द त्यांना कधी मिळाले नव्हते. गाणी तिला आवडत नसत असं नाही. पण आवडलं म्हणायला तोंड उघडलं की आतून दुरुस्तीच बाहेर पडायची.

"तिसरी ओळ लांब झालीय," ती म्हणाली.

"लाट आहे ती. लांबच असते."

"आणि दुसऱ्या कडव्यात ती परत येते."

"येणारच. यायची थांबली तर काळजी करायची."

"बघा बुवा."

"बघतो." बाबांनी वहीत काहीतरी लिहिलं, गिटार खांद्याला लावली आणि दारात वळून म्हणाले, "पुढच्या गुरुवारी पंखा एकवर ठेव. पानं उडतात."

ते गेल्यावर खुर्चीखाली तो शांपूचा तुकडा सापडला. गुरुवारी देऊ, म्हणून तिने तो पर्समध्ये टाकला.

शुक्रवारी पहाटे बाबा झोपेतच गेले. त्रास झाला नसणार, असं डॉक्टर म्हणाले. पुढचा गुरुवार मोकळा राहिला. पंखा तिने एकवरच ठेवला.

बाबा मूळचे गायक नव्हतेच. अडतिसाव्या वर्षापर्यंत ते लाटांवर उभे राहत. त्या काळात या भागात सर्फिंग करणारे दोघेच. एक बाबा, आणि दुसरे फळीकाका, जे बाबांनी मोडलेल्या फळ्या दुरुस्त करत आणि त्या कशा मोडल्या हे बघायला म्हणून पाण्यात उतरत. एका सकाळी बाबा एका सुंदर लाटेवरून उतरले ते थेट एका फ्रीजवर. कुणीतरी जुना फ्रीज किनाऱ्यालगतच्या खडकांत टाकून दिला होता. फळीचे दोन तुकडे झाले, गुडघ्याचे तीन. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे गिटार होती. सहा आठवड्यांनी बाबा लंगडत बाहेर आले तेव्हा त्यांच्याकडे अकरा गाणी होती आणि सगळी कचऱ्यावर होती.

तेव्हापासून त्यांच्या कार्यक्रमाला तिकीट नसे. किनाऱ्यावरून कचरा उचलायचा, पिशवी दारात द्यायची आणि आत वाळूवर बसायचं. 'दारात' म्हणजे फळीकाका. ते हातातल्या काट्यावर प्रत्येक पिशवी तोलत आणि घरचा कचरा आणणाऱ्याला वासावरून ओळखून परत पाठवत. तो फ्रीज मात्र तिथेच राहिला. बाबांनी सफाई खात्याला एकोणीस पत्रं लिहिली, प्रत्येकात एक कडवं. सफाई अधिकाऱ्याने एकोणीस उत्तरं पाठवली, प्रत्येकात तेच वाक्य.

लेकीचं बालपण हे सगळं बघून हसणाऱ्या लोकांत गेलं. शाळेच्या समारंभाला इतरांचे वडील टाय लावून येत. तिचे वडील पोतं घेऊन येत. म्हणून आठवणींची सभा तिने किनाऱ्यावर न ठेवता वाचनालयाच्या हॉलमध्ये ठेवली. पांढरी फरशी, रांगेत खुर्च्या, रविवारी चार वाजता. एक तास तरी बाबांना कुणी हसू नये, एवढंच तिला हवं होतं. स्वतः बोलायच्या चार ओळी तिने कागदावर लिहिल्या आणि पाच वेळा तपासल्या.

सूचना लिहायला मात्र तिने बाबांच्या फोनमधली जुनी सूचना घेतली. 'कार्यक्रम' खोडून 'आठवणींची सभा' केलं, जागा आणि तारीख बदलली, तीनदा वाचलं आणि बाबांच्या यादीतल्या दोनशे चाळीस माणसांना पाठवून दिलं.

रविवारी साडेतीनला ती वाचनालयापाशी पोचली तेव्हा रांग कोपऱ्यावरून वळली होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी होती. दारात फळीकाका काटा घेऊन उभे होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, एवढाच काय तो शोक.

"काका, हे काय?"

"प्रवेश चालू आहे."

"कसला प्रवेश?"

"तूच तर कळवलंस." काकांनी फोन पुढे केला. शेवटी, तिच्या स्वतःच्या सूचनेत, लिहिलं होतं: 'प्रवेशासाठी किनाऱ्यावरून उचललेला एक पिशवी कचरा. पिशवी परत नेऊ नये.'

तिने चौथ्यांदा वाचलं. ते वाक्य ती लहानपणापासून इतक्या वेळा वाचत आली होती की ते तिला दिसायचंच बंद झालं होतं. आता चूक सापडली होती आणि नोंदवायला समास नव्हता.

"काका, चुकून राहिलंय ते. त्यांना सांगा, पिशव्या ठेवा बाहेर आणि या आत."

"असं कसं? लोकांनी जीव काढलाय. सकाळी सहापासून किनाऱ्यावर गर्दी. सव्वानऊला कचरा संपला."

"संपला म्हणजे?"

"संपला. तुझा बाबा जन्मभर ज्याच्यासाठी बोंबलला ते सव्वानऊला झालं, आणि तेव्हा तो हजर नाही. नंतर आलेली माणसं दुसऱ्यांच्या पिशव्यांत हात घालत होती. एका चपलेवरून दोघांची जुंपली. डावी होती. उजवी सापडली असती तर मिटलं असतं."

तेवढ्यात आतून ग्रंथपालबाई आल्या. त्यांनी रांग पाहिली आणि चष्मा काढून पुसला.

"तुमच्या अर्जात एक तसबीर आणि एक टेबल लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कचरा लिहिलेला नाही."

"कचरा आणायला बंदी आहे असं तुमच्या नियमांत कुठे लिहिलंय?" काकांनी विचारलं.

"लिहायची आजवर वेळ आली नव्हती."

दोघांनीही लेकीकडे बघितलं. तिने माफी मागितली. मग रांगेकडे पाहून आणखी एकदा मागितली. ग्रंथपालबाईंनी चष्मा पुन्हा लावला. त्यांनी पहिली पिशवी उघडून आत पाहिलं, आणि तीस वर्षांची सवय त्यांच्या आड आली.

"असं एकत्र नाही चालणार," त्या म्हणाल्या. "बाटल्या खिडकीखाली, दोऱ्या-जाळी कोशांच्या कपाटापाशी, पादत्राणं मासिकांजवळ. आणि बाकीचं?"

"बाकीचं काय आहे तेच कळत नाही," पहिल्या पिशवीचा मालक म्हणाला.

"मग संकीर्ण. तिकडे."

आत्या आली ती मोठा पुष्पगुच्छ घेऊन. काकांनी फुलांभोवतीचा प्लास्टिकचा कागद सोडवला, काट्याला लावला आणि फुलं तिच्या हातात परत दिली.

"वीस ग्रॅम. जा आत."

"अरे, मी सख्खी बहीण आहे त्याची."

"म्हणून तर वीसवर सोडतोय."

लेक तिच्यामागून आत जायला निघाली तर काटा आडवा आला.

"तुझी पिशवी?"

"काका, मी मुलगी आहे."

"ते मला बारशापासून माहीत आहे. फळी मोडली, गुडघा मोडला, पण हा नियम त्याने मोडला नाही. माझ्याकडूनही घ्यायचा तो."

मागे रांग थांबली होती. लेकीने पर्स उघडली. रुमाल, लाल पेन, चार ओळींचा कागद. तळाशी तो त्रिकोणी तुकडा. तिने तो काकांच्या हातावर ठेवला.

काकांनी तो काट्याला लावला नाही. उलटसुलट करून पाहिला.

"किनाऱ्यावरचाच आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो. त्यांनीच उचललेला."

"जा आत," काका म्हणाले आणि तुकडा खिशात घातला.

चार वाजता हॉल भरला. भिंतींच्या कडेने कचरा विषयवार लागला होता, आणि तो नीट लागल्यामुळे खुर्च्यांची रांगच जरा वाकडी दिसत होती. वास येत होता. कुणीही तसं म्हणालं नाही. लेक कागद घेऊन उठली, तोच बाहेर टेम्पो थांबला.

सफाई अधिकारी आत आले. त्यांच्या मागून चार जण आणि त्या चौघांच्या हातांत फ्रीज. तो आता फ्रीज असण्यापेक्षा गंजच जास्त होता, पण दार शाबूत होतं.

"उशिराबद्दल माफ करा," अधिकारी म्हणाले. "पिशवीत मावला नाही."

"साहेब," लेक म्हणाली, "एकोणीस वेळा तुम्ही लिहिलंत की हा उचलता येत नाही."

"बरोबर लिहिलं. खडक बंदर खात्याच्या हद्दीत येतो, आम्हाला हात लावता येत नाही." ते रुमालाने मान पुसत राहिले. "आज रविवार. आज मी खात्यात नाही. मला वाटलं, विनातिकीट यायला बरं दिसणार नाही."

काकांनी एकदा काट्याकडे आणि एकदा फ्रीजकडे पाहिलं, आणि काटा खाली ठेवला. न तोलता दिलेला हा आजचा दुसरा प्रवेश. ग्रंथपालबाईंना फ्रीज संकीर्णमध्ये टाकणं पटेना. शेवटी तो तसबिरीच्या शेजारी उभा केला गेला. तसबिरीत बाबा हसत होते, त्यामुळे दोघांची जुनी ओळख असल्यासारखं दिसत होतं. तशी ती होतीच.

लेकीने घसा साफ केला. "माझे वडील," तिने वाचलं, "एक साधे, शिस्तप्रिय आणि..." तेवढ्यात फ्रीजचं दार करकरत अर्धं उघडलं आणि आतून एक खेकडा बाहेर आला. तो पांढऱ्या फरशीवर जरा थबकला, मग तिरका तिरका चालत पहिल्या रांगेसमोरून पादत्राणांकडे गेला आणि एका चपलेत शिरला.

"डावी आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

आधी आत्या हसली. मग सगळा हॉल हसला, डोळे पुसत, पोट धरून. ज्या हसण्याला भिऊन लेकीने हा हॉल निवडला होता ते तिने ऐकलं, आणि ते आपल्या ओळखीचं नाही असं तिच्या लक्षात आलं. तिने कागदाकडे पाहिलं. 'शिस्तप्रिय' हा शब्द चुकला होता. तिने कागदाची घडी घातली आणि खाली बसली.

"मी त्याचं शेवटचं गाणं म्हणतो," काका उठले. "गळा माझा नाही. ऐकून घ्या."

त्यांनी बाबांची गिटार गळ्यात अडकवली आणि वही उघडली. पाण्यात उतरण्याआधी वारा, भरती आणि लाट टिपून ठेवायची बाबांची जुनी सवय होती. पाणी सुटलं तरी ती सुटली नाही. प्रत्येक गाण्याखाली ते पहिल्यांदा कुठे म्हटलं त्याची नोंद असे, आणि गाण्याआधी ती वाचून दाखवायचा रिवाज होता. काकांनी वाचली.

"गुरुवार, लेकीच्या घरी. वारा: पंख्याचा, दोन नंबर. भरती: पोटभर. श्रोते: एक. दुरुस्त्या: दोन." काका थांबले. "वन्स मोअर: अजून नाही."

काकांनी मागची पानं चाळली.

"घरची सगळी अशीच आहेत," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "अजून नाही. अजून नाही. कुठेच नुसतं 'नाही' लिहिलेलं नाही."

मग त्यांनी खिशातून शांपूचा तुकडा काढला आणि सुरू केलं. त्यांचा गळा खरोखरच त्यांचा नव्हता. सूर दोन ठिकाणी सुटला. तिसऱ्या ओळीला श्वास पुरेना, तेव्हा ते मध्येच थांबले, श्वास घेतला आणि उरलेली ओळ म्हटली.

"तिसरी ओळ जरा लांब वाटते," शेजारून ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या.

"लाट आहे ती," लेक म्हणाली. "लांबच असते."

दुसऱ्या कडव्यात लाट परत आली. गाणं संपलं. काकांची बोटं तारांवरच राहिली. दोनशे चाळीस माणसं गप्प बसली होती, कारण अशा सभेत टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फ्रीजमधून पाण्याचा एक थेंब फरशीवर पडला.

लेक उभी राहिली. बोलायचे शब्द तिने या वेळी कुठे लिहिलेले नव्हते आणि तपासलेही नव्हते.

"वन्स मोअर," ती म्हणाली.